व्हिक्टोरियन काळातले न सुटलेले खून: जुने पेपर वाचताना नक्की कशावर विश्वास ठेवायचा?

चांदणवेल

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून मला एक नवीन खूळ लागलंय, रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप उघडून दीडशे वर्षांपूर्वीचे इंग्लंडचे पेपर वाचत बसायचं. सुरुवात अर्थातच जॅक द रिपरपासून झाली पण त्याच्यावर इतकं लिहून झालंय की तिथे आपल्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून कमी गाजलेली प्रकरणं शोधताना १८७१ चं एल्थमचं प्रकरण सापडलं आणि त्यातच अडकले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जेन क्लाउसन, सोळा-सतरा वर्षांची मोलकरीण, ग्रिनिचला पूक नावाच्या छापखानेवाल्यांच्या घरी कामाला होती, तिथून तिला काढून टाकलं. २६ एप्रिलच्या पहाटे किडब्रूक लेन नावाच्या आडरस्त्यावर गस्तीच्या पोलिसाला ती हातापायांवर रांगताना दिसली, डोक्यावर घावच घाव. गाय्ज हॉस्पिटलमधे नेलं, ३० एप्रिलला गेली. दोन महिन्यांची गरोदर होती. मालकाचा धाकटा मुलगा एडमंड पूक याला पकडलं, जुलैत ओल्ड बेलीला, म्हणजे लंडनच्या मोठ्या फौजदारी कोर्टात, खटला चालला, निर्दोष सुटला. नंतर कुणालाच शिक्षा झाली नाही.

आता माझे प्रश्न.
एक, ट्रोव्ह (ऑस्ट्रेलियाचे जुने पेपर) आणि वेल्श न्यूजपेपर्स (वेल्सचे) या फुकट साइटवर मला एकच बातमी सात-आठ पेपरांत जवळजवळ शब्दाला शब्द सापडते. म्हणजे ती खरी धरायची का?
दोन, पेपरात येतं की त्या संध्याकाळी जेनने ओळखीतल्या बायकांना सांगितलं होतं की मी एडमंडला भेटायला चाललेय, आणि ओल्ड बेलीच्या साइटवर अख्खा खटला वाचला तर त्यात हे वाक्यच नाही! पेपरवाल्यांनी बनवलं का?
तीन, आरोपीची स्वतःची साक्ष कुठेच सापडत नाही, पानं गाळलीत का?
आणि चार, पैसे भरून ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह घ्यावं का? पौंडाचा भाव बघून छातीत धस्स होतं.

कुणी असलं काही केलंय का इथे?

जुनी_रद्दी

ताई, वा, असला धागा बऱ्याच दिवसांनी निघाला.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळं तिथेच अडतं. आठ पेपरांत एकच मजकूर असेल तर तो आठ साक्षीदारांचा पुरावा नाही, एका माणसाचा आहे. तो काळ बघा, १८५५ ला पेपरांवरचा स्टँप कर गेला, १८६१ ला कागदावरचा गेला, आणि एका पेनीत मिळणारे पेपर गावोगाव निघाले. त्या सगळ्यांना रकाने भरायचे होते पण लंडनला बातमीदार ठेवायची ऐपत कुणाची होती? १८६८ ला प्रेस असोसिएशन निघाली, ती तारेने मजकूर पाठवायची, त्याशिवाय ओळीवर पैसे घेणारे फुटकळ बातमीदार होते, जितक्या ओळी तितके पैसे, मग ते फुलवून लिहिणारच. आणि उरलेले संपादक सरळ दुसऱ्याच्या पेपरातून कात्री लावून छापायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

मग एक मजकूर कुठला आणि दुसरा कुठला हे ओळखायचं कसं तर चुकांवरून. खरी माहिती दोघांकडे वेगवेगळ्या वाटेने येऊ शकते पण चूक क्वचितच येते. दोन पेपरांत हवालदाराच्या नावाचं स्पेलिंग सारखंच चुकलंय, किंवा रस्त्याचं नाव सारखंच वेडंवाकडं झालंय, तर ते एकमेकांचं किंवा तिसऱ्या कुणाचं उतरवून घेतलेलं आहे असं समजा आणि दोन्ही मिळून एकच मोजा. मी एका वहीत असे गट पाडतो. शेवटी पंचवीस-तीस कात्रणांतून खरे वेगळे असे तीन-चार हात उरतात. तुमच्या केसमधे केंटिश मर्क्युरीसारखा स्थानिक पेपर आधी गाठा, त्याचा माणूस तिथे स्वतः चालत जाऊ शकत होता.

आता शोधायच्या दोन-तीन गमती, तुमच्याच प्रकरणातल्या.

पहिल्या काही दिवसांत "क्लाउसन" सर्च करून काही हाती लागणार नाही. का? कारण ती कोण आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, ओळख पटली ती थेट तिच्या मृत्यूनंतर. त्या आठवड्यातल्या बातम्यांत ती "एक तरुण मुलगी" एवढीच आहे. तेव्हा जागेच्या नावाने शोधा, एल्थम, किडब्रूक लेन, गाय्ज हॉस्पिटल. मला तर हाच आठवडा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तोवर कुणाला आरोपी माहीत नव्हता, त्यामुळे कुणी आपली गोष्ट त्याच्याभोवती जुळवून घेतलेली नव्हती.

दुसरं, "मिस्टर पूक" शोधाल तर फसाल. आरोपी पूक, त्याचे वडील पूक, आणि आरोपीचा सॉलिसिटर हेन्री पूक, ज्याचं या घराशी काहीही नातं नव्हतं! निव्वळ योगायोग. मशीनला ते कळत नाही, आणि घाईत वाचणाऱ्या माणसालाही कळत नाही. मी दोन-तीन ठिकाणी वकिलाच्या तोंडचं बोलणं बापाच्या नावावर खपवलेलं बघितलंय.

तिसरं ट्रोव्हबद्दल. ऑस्ट्रेलियाची तार लंडनला जोडली गेली १८७२ मधे. म्हणजे तुमच्या खुनाचा सविस्तर मजकूर तिकडे टपालाच्या बोटीने गेला. एप्रिलच्या खुनासाठी जून-जुलै बघा, जुलैच्या खटल्यासाठी सप्टेंबर. लोक तारखेचा फिल्टर एप्रिल-मे लावतात आणि काही नाहीच म्हणून सोडून देतात. आणि तिथे मशीनने वाचलेला मजकूर कुणालाही दुरुस्त करता येतो, तेवढं पुण्य करत चला, पुढच्याला सापडतं.

चौथा प्रश्न: आत्ता लगेच पैसे भरू नका. तिथे सर्च फुकट आहे आणि निकालात दोन-चार ओळी दिसतात, त्यावरून कुठल्या तारखेला कुठल्या पेपरात काय आहे याची यादी आधी करून घ्या. काही पानं नुसतं रजिस्टर केलं की फुकट दिसतात. यादी पक्की झाली की एकच महिना घ्या आणि त्या महिन्यात दुसरं काही करू नका :)

आणि इलस्ट्रेटेड पोलीस न्यूजमधली चित्रं बघून हरखू नका. त्याचा पोलिसांशी फक्त नावापुरता संबंध. चित्रकार ऑफिसात बसून खून बघायचा.

वकीलवाडी

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण पानं गाळलेली नाहीत आणि पेपरवाल्यांनी बनवलेलंही नाही.

आरोपीची साक्ष नाही कारण ती होऊच शकत नव्हती. इंग्लंडमधे आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष द्यायचा सरसकट हक्क मिळाला १८९८ च्या कायद्याने. त्याच्या आधी खुनाच्या खटल्यात आरोपी पिंजऱ्यात उभा राहून सगळं ऐकायचा, त्याचा वकील बोलायचा, साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायचा, बस. त्यामुळे व्हिक्टोरियन काळाची जवळजवळ साठ वर्षं अशी आहेत की ज्याच्याबद्दल सगळं चाललंय तो माणूस कागदावर मुका आहे. त्याचं म्हणणं शोधायचं तर अटकेच्या वेळी पोलिसाला काय म्हणाला ते पोलिसाच्या साक्षीत बघा.

आता "मी एडमंडला भेटायला चाललेय". हे तिने सांगितलं असं म्हणणाऱ्या बायका होत्या, पण ओल्ड बेलीला मुख्य न्यायाधीश बॉव्हिल यांनी तो ऐकीव पुरावा म्हणून ज्युरीपुढे येऊ दिला नाही. बोलणारी मेलेली, तिची उलटतपासणी होणार नाही, आणि मृत्यूपूर्व जबानीत ते बसत नाही कारण तेव्हा आपण मरणार आहोत हे तिच्या मनातही नव्हतं. पण कोरोनरच्या इन्क्वेस्टमधे (संशयास्पद मृत्यूची पहिली चौकशी) आणि खालच्या पोलीस कोर्टात इतकी कडक गाळणी नसायची आणि बातमीदार तिथे बसलेले असायचे. म्हणजे अख्ख्या लंडनने जे चहा पिता पिता वाचलं तेच नेमकं ज्युरीला कानावर घ्यायला बंदी! निकाल लागल्यावर लोक इतके का खवळले ते यावरून कळतं. तुम्ही आज दोन्ही वाचता म्हणून तुम्हाला विसंगती वाटते.

जाता जाता, आपल्याकडे हे वेगळं झालं असतं. एल्थमच्या पुढच्याच वर्षी, १८७२ ला, आपला पुरावा कायदा आला, त्याच्या कलम ३२ मधे मेलेल्या माणसाने मृत्यूला कारण ठरलेल्या घटनाक्रमाबद्दल सांगितलेलं चालायचं, मरण समोर दिसत असलंच पाहिजे अशी अट नव्हती (२०२४ मधे त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला). १९३९ मधे पकाला नारायण स्वामीच्या केसमधे प्रिव्ही कौन्सिलने (लंडनचं तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट) याच कलमाखाली, मयत माणूस घरातून निघण्याआधी बायकोला "अमक्याकडे पैसे आणायला चाललोय" म्हणाला होता ते ग्राह्य धरलं. अगदी जेनसारखंच वाक्य. आम्हाला कॉलेजात हे शिकवलं तेव्हा एल्थमचं नावही ऐकलेलं नव्हतं.

ओल्ड बेलीच्या छापील वृत्तांताबद्दल अजून एक, त्यात बहुतेक वेळा वकिलाचे प्रश्न काढून टाकलेले असतात आणि उत्तरं सलग जोडलेली असतात. वाचताना वाटतं साक्षीदार आपणहून घडाघडा बोलतोय. प्रत्यक्षात एकेक शब्द ओढून काढलेला असतो. मोठ्या पेपरांत कधी कधी प्रश्नासकट छापलेलं असतं, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, भलताच फरक दिसतो.

चांदणवेल

बापरे, इतकं मिळेल असं वाटलंच नव्हतं. वकीलसाहेब, ते ज्युरीचं वाचून अंगावर काटा आला. जुनी_रद्दी दादा, हेन्री पूकचं तुमचं वाचल्यावर माझ्या नोट्स परत चाळायला घेतल्यात.

अजून एक विचारते, पोलिसांचे स्वतःचे कागद कुठे असतात? आणि जिने घाव घातले म्हणतात ती हातोडी मॉर्डन कॉलेजच्या आवारात सापडली असं सगळीकडे आहे, ते जागेपासून किती लांब, गूगल मॅपवर मला किडब्रूक लेनच नीट लागत नाही.

सांजवेळ_नाशिक

प्रश्न राग येऊन विचारत नाहीये पण दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या खुनाचं आपल्याला काय करायचंय? आपल्याकडे कालपरवाचे सुटत नाहीत.

चांदणवेल

सांजवेळ, काही करायचं नाहीये हो. सिरियल बघण्यापेक्षा बरं. शिवाय मोलकरणीला काढून टाकणं, मालकाचा मुलगा, पोटातलं मूल आणि वरून "तिचंच चारित्र्य" ही चर्चा, यात परकं काय आहे?

थेम्सकाठ

मी लंडनला असते, मूळची डोंबिवलीची. पोलिसांचे कागद लंडनच्या क्यू भागात नॅशनल अर्काइव्ह्जमधे आहेत. मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या खुनाच्या फायली "मेपो ३" या मालिकेत सापडतात, रिपरची पण त्यातच आहे, गृहखात्याचा पत्रव्यवहार "एचओ" मधे. कॅटलॉग घरबसल्या बघता येतो, फायलींचा बहुतेक ऐवज मात्र स्कॅन केलेला नाही, तिथे जाऊनच बघावा लागतो किंवा पैसे भरून कॉपी मागवायची. रीडर तिकीट फुकट आहे आणि स्वतःच्या फोनने फोटो काढले तर त्याचेही पैसे नाहीत.

पण फाइल म्हणजे खजिना असेल अशा समजुतीत राहू नका. बऱ्याच फायली मधल्या काळात चाळून हलक्या केल्यात, काहींतून कागद लोकांनी चक्क पळवलेत. जे उरतं त्यात गंमत वेगळीच असते, मी एका फायलीत निम्म्याहून जास्त पत्रं अनोळखी लोकांची बघितली, माझ्या शेजाऱ्यावर संशय आहे, मला स्वप्नात खुनी दिसला, वगैरे. प्रत्येकावर कुणीतरी अधिकाऱ्याने शाईत दोन ओळींचा शेरा मारलेला. मला खुनापेक्षा तो शेरे मारणारा माणूसच जास्त आवडला.

नकाशासाठी गूगल सोडा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी मोजणी खात्याचे) नकाशे फुकट आहेत आणि आजच्या नकाशाशेजारी लावून बघता येतात, एका बाजूला कर्सर फिरवला की दुसऱ्या बाजूला तीच जागा. त्यात बघा, किडब्रूकला तेव्हा शेतं आणि कुंपणं, आज घरं आणि मोठा रस्ता. मॉर्डन कॉलेज ब्लॅकहीथला अजून आहे, कॉलेज नाही ते, म्हाताऱ्या व्यापाऱ्यांसाठी बांधलेला आश्रम. दोन्ही नकाशांवर ते एकाच जागी आहे, तिथून उलट मोजत या.

रस्त्यांची नावं बदलतात हे पण डोक्यात ठेवा. कधी कधी खुनामुळेच बदलतात. रिपरचा बक्स रो आज डरवर्ड स्ट्रीट आहे. १८७२ च्या ख्रिसमसच्या दिवशी हॅरिएट बसवेल ग्रेट कोरम स्ट्रीटला गळा चिरलेली सापडली तो रस्ता आज नुसता कोरम स्ट्रीट. (ही केस पण बघा कुणीतरी, खोलीत चावा घेतलेलं सफरचंद, त्यावरच्या दातांच्या खुणा, आणि साक्षीदारांनी ओळखला म्हणून रॅम्सगेटला थांबलेल्या जहाजावरच्या एका जर्मन पाद्र्याला धरलं, तो साफ निरपराध निघाला, मग लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली.) आणि तिला शोधायचं तर क्लारा बर्टन या नावानेही शोधावं लागतं, ती ते नाव लावायची.

जेनचं थडगं ब्रॉक्ली सिमेटरीत आहे, लोकवर्गणीतून उभारलेलं. "मला मरू दे" हे तिचे शेवटचे शब्द त्यावर कोरलेत. फोटो हवा असेल तर सांगा, मला बसने फार लांब नाही.

डबा_नं_३

रेल्वेवाले कुणी आहेत का इथे? १८९७ ची एलिझाबेथ कॅम्प घ्या. ११ फेब्रुवारी, गुरुवार, हाउन्स्लोहून संध्याकाळी ७:४२ ची वॉटर्लू गाडी, सेकंड क्लास. वॉटर्लूला होणारा नवरा तिला घ्यायला प्लॅटफॉर्मवर उभा, आणि डबे झाडायला आलेल्या माणसाला ती सीटखाली कोंबलेली सापडली, डोकं फुटलेलं. तेव्हाच्या लोकल डब्यांना आतून जायला वाट नव्हती, प्रत्येक कप्पा वेगळा, दार फक्त बाहेर, म्हणजे खुनी कुठल्या ना कुठल्या स्टेशनात चढला आणि कुठल्या ना कुठल्या स्टेशनात उतरला यात वाद नाही. पुढे पटनी आणि वाँड्सवर्थच्या मधे रुळांच्या कडेला रक्त लागलेला खलबत्त्यातला बत्ता सापडला.

या केसचं मला आवडतं ते हे, की पेपरांतल्या अफवा, मिशीवाला माणूस, अमक्या पबात दिसलेला माणूस, सगळं बाजूला ठेवून नुसत्या टाइमटेबलवर काम करता येतं. जुनी ब्रॅडशॉ, म्हणजे तेव्हाची रेल्वे वेळापत्रकं, स्कॅन केलेली मिळतात. बत्ता पटनीनंतर फेकला म्हणजे तोवर काम उरकलं होतं, आणि उतरायला वाँड्सवर्थ, क्लॅपहॅम जंक्शन, व्हॉक्सहॉल किंवा सरळ वॉटर्लू. प्रत्येक पेपरातल्या साक्षीदाराची वेळ या पट्टीवर लावून बघायची, निम्मे तिथेच गळतात. इन्क्वेस्टचा निकाल अज्ञात इसमाकडून खून असाच राहिला, पण साक्षी मात्र तपशिलात छापल्यात, पेपर्स पास्ट या साइटवर न्यूझीलंडच्या पेपरांत फुकट वाचता येतात. तेव्हा तार होती त्यामुळे दोन-चार ओळी लगेच येतात आणि खरा मजकूर मार्चनंतर, बोटीने.

घारापुरी

आपल्या मुंबईतलंही एक आहे की. तेव्हा राणीचंच राज्य होतं त्यामुळे धाग्यात बसतं. २५ एप्रिल १८९१, राजाबाई टॉवर. बच्चूबाई आणि फिरोजबाई या दोन पारशी तरुणी वरून खाली पडून मेल्या. बच्चूबाई म्हणजे पुढे गोदरेज कंपनी काढणाऱ्या अर्देशिर गोदरेजांची बायको, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. माणेकजी अस्लाजी म्हणून एकाला पकडलं, खटला झाला, सुटला. अब्रू वाचवायला दोघींनी उड्या मारल्या की कुणी ढकललं, यावर तेव्हापासून वाद आहे.

आता जुनी_रद्दी म्हणतात तसे "वेगळे हात" इथे भाषेवरून पडतात. इंग्रजीत टाइम्स ऑफ इंडिया आणि बॉम्बे गॅझेट, गुजरातीत जामे जमशेद, रास्त गोफ्तार, कैसर-ए-हिंद, आणि मराठीत केसरी, इंदुप्रकाश. गुजराती येत नसेल तर सरकारच्या नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट्स बघायच्या, देशी पेपरांत काय छापून येतंय याचा इंग्रजी गोषवारा सरकार स्वतःसाठी दर आठवड्याला काढायचं. महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. पण लक्षात ठेवा की तो गोषवारा राज्यकर्त्यांना काळजी वाटेल अशाच मजकुराचा आहे, पोलिसांवर टीका असेल ती उचलतील, बाकी तपशील सोडतील. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनीवरही मुंबईचं जुनं बरंच चढवलंय.

ब्रिटिश पेपरांतही ही केस गेली होती. पारशी नावांची स्पेलिंगं तिथे वाट्टेल तशी असतात, नावाने शोधत बसू नका, "राजाबाई" आणि "पारसी" टाका.

जुनी_रद्दी

घारापुरी, नेटिव्ह रिपोर्ट्सचं फार नेमकं सांगितलंत. १८९१ चे तिथे पुठ्ठ्यात बांधलेले खंड आहेत, कागद ठिसूळ झालाय, पानं उलटताना जपून. अर्जात विषय मोघम लिहू नका, वर्ष आणि मालिकेचं नाव लिहा म्हणजे हेलपाटा वाचतो.

चांदणवेल

थेम्सकाठ ताई, थडग्याचा फोटो नक्की हवाय. आणि एक आगाऊपणा करते, तुम्ही क्यूला परत जाणार असाल तर एल्थमच्या फायलीत हातोडी विकणाऱ्या डेप्टफर्डच्या दुकानदाराचा पहिला जबाब आहे का एवढंच बघाल का? म्हणजे अटक व्हायच्या आधी घेतलेला. कोर्टातल्या साक्षींत गिऱ्हाईक कोण आणि कुठल्या दिवशी आलं याचा इतका गोंधळ आहे की आधी काय सांगितलं होतं ते कळल्याशिवाय पुढे जाववत नाही.

थेम्सकाठ

बघते की, त्यात आगाऊपणा कसला. कॅटलॉगमधून फायलीचा पूर्ण नंबर मला मेसेज करून ठेव, जायच्या आधी ऑर्डर टाकावी लागते. आणि तुला नक्की कुठल्या तारखांमधले कागद हवेत ते लिही, सगळी फाइल फोटो काढत बसले तर दिवस जाईल. आत पेन न्यायला बंदी आहे, फक्त पेन्सिल, त्यामुळे माझं अक्षर अजूनच दिव्य असणार, फोटोवरच भागव.